ऐनाच्या राखेतला दगड

शहरातलं कुणी माणूस घरी यायचं असलं, की लहानी आधी राखेचं मडकं उचलून माळ्यावर ढकलायची. अंगण झाडणं, सारवण, धुतलेलं लुगडं नेसणं हे सगळं त्यानंतर. तिचा नवरा मंगळू तिच्या या सवयीला फार हसायचा. लोक दारूचं मडकं लपवतात, आमची बाई राखेचं लपवते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

मुरबाड तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी तिची वाडी. तीसेक उंबरे, सगळी ठाकरं. या वाडीचं बी लहानीकडे असतं. काकडी, शिराळी, दुधी, चवळी, वाल, ज्याला परड्यात जे लावायचं असेल त्याने तिच्या ओट्यावर यावं आणि ओंजळ पुढे करावी. बी निवडताना ती बघत नाही म्हटलं तरी चालेल, तिच्या बोटांनाच कळतं. भरलेलं एकीकडे, पोचट दुसरीकडे, किडकं कोंबड्यांना. आणि एक चौथा लहानसा ढीग. त्यात कुठल्याच ढिगात न बसणारं बी असतं. कधी रंग वेगळा, कधी आकार. ते ती टाकत नाही, बांधाच्या कडेला वेगळं लावते आणि काय उगवतं ते बघते.

निवडलेलं बी जायचं राखेत. राख तरी कुठलीही चालत नाही, ऐनाच्या झाडाच्या सालीचीच लागते. ऐनाची साल जाळली की पांढरी, जिभेला चरचरणारी राख पडते. तिच्यात किडा टिकत नाही, ओल शिरत नाही. वाडीतली जुनी माणसं तर चुना संपला की पानाला हीच राख लावून खायची.

अशी गुणाची राख लपवायची कशाला? त्याचं कारण तिची मुलगी, रंजिता. नऊ वर्षांची रंजिता शहापूरकडच्या आश्रमशाळेत राहायला गेली, तेव्हा लहानीने तिच्यासोबत दात घासायला बाटलीभर राख दिली होती, चाळून, कापडाने तोंड बांधून. महिन्याभराने ती भेटायला गेली तर पोरीची बाटली कुठे दिसेना. वर्गातल्या मुलींनी तिचं नाव ‘राखुंडी’ ठेवलं होतं. पोरीने रडून काही सांगितलं नाही. आईला फाटकापर्यंत पोचवायला आली आणि खाली बघत एवढंच म्हणाली, की आये, आता राख नको आणू. लहानी हो म्हणाली. जीपमध्ये बसल्यावर तिला वाटलं, आपल्या घरातली एक गोष्ट आपल्या लेकराला टोचली. पुन्हा टोचू द्यायची नाही.

पोर शिकत गेली. बारावी झाली, भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, पुढचंही शिकली. आता पंचविशीतली रंजिता शहापूरला भाड्याची खोली घेऊन राहते आणि रोज आसनगावहून गाडी पकडून कल्याणच्या पलीकडे एका संशोधन संस्थेत कामाला जाते. काम दगड घासण्याचं. दगडाचा काप काचेवर चिकटवायचा आणि घासत घासत इतका पातळ करायचा, की त्यातून उजेड आरपार जावा. केसाच्या निम्म्याहून पातळ. मग तो मायक्रोस्कोपखाली ठेवला की दगड कशाकशाचा बनलाय ते रंगांवरून कळतं. मंगळूला हे काम पटलेलं नाही. एवढं शिकून पोर शेवटी पाटा-वरवंट्यालाच लागली, असं तो म्हणतो. पण वाडीत कुणी भेटलं की हेच तो छाती काढून सांगतो.

तीन वर्षांपूर्वी, भादव्यात, भात पोटरीत असताना, एका दुपारी आभाळ निरभ्र असून मोठा गडगडाट झाला. गुरं दावी तोडून पळाली. दुसऱ्या दिवशी लहानीला खाचराच्या बांधावर एक दगड सापडला. वरून काळा, करपलेल्या भाकरीसारखा, एका बाजूला तडे गेलेला. आकाराच्या मानाने हलका. तसलाच लहान तुकडा शेजारच्या ठकूलाही मिळाला. तिने तो गोठ्याच्या भिंतीवर ठेवला आणि पुढच्या पावसात त्याचा काळा चिखल होऊन ओघळून गेला. लहानीच्या दगडाचीही कड दोन दिवसांत बोटाला भुगा लागावा तशी सुटायला लागली. ओलीने बी नासतं तसा हा नासतोय, एवढं तिला कळलं. तिने तो काकडीच्या बियांच्या मडक्यात राखेत पुरला. दगडाला कोण बी म्हणून ठेवतं गो, तो उगवणार हाय का, असं म्हणून ठकूने तिची यथेच्छ टिंगल केली. लहानीही हसली आणि पुढे दोन पावसाळे ते विसरून गेली.

गेल्या दिवाळीला रंजिता घरी आली आणि बापाला आभाळातून पडणाऱ्या दगडांबद्दल सांगत बसली. वरून काळी जळकी साल, आतून भुरे. लहानीला आठवलं. पोर ओढ्यावर आंघोळीला गेली तशी तिने घाईघाईने दगड राखेतून काढला, पदराने खसाखसा पुसला आणि लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून पेटीत ठेवला. रंजिता आल्यावर पेटी उघडून दिला. पोरीचा चेहरा असा उजळला, की लहानीला ती पुन्हा नऊ वर्षांची वाटली.

आठवड्यातच संस्थेच्या निर्मला मॅडम वाडीत आल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, बुटांना चिखल लागला तरी न कुरकुरणाऱ्या. सरकारी खात्याला कळवून त्यांनी रीतसर कागद केला. दगड कुठे पडला, कधी उचलला, ठकूच्या तुकड्याचं काय झालं, सगळं त्या विचारत होत्या आणि मोबाईलवर चित्र घेत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, इतके दिवस कशात ठेवला होता?

रंजिता शेजारी उभी होती, हातात वही, कपड्यांना इस्त्री. लहानीची नजर माळ्याकडे गेली आणि परत आली.

“पेटीत,” ती म्हणाली. “धडप्यात गुंडाळून.”

रंजिताने ते लिहून घेतलं.

पुढचे चार-साडेचार महिने पोर त्या दगडातच होती. या जातीच्या दगडांना कार्बनी कॉन्ड्राइट म्हणतात, ते पृथ्वीपेक्षाही जुने असतात, त्यांना पाणी लावायचं नाही, पाण्याने आतली माती फुगते, म्हणून कापतानाही स्पिरिट वापरायचं, आणि सध्या परवानगी फक्त कडेचा काप घेण्याची आहे, असं ती फोनवर सांगायची. लहानीला निम्मं कळायचं. पण पोरीच्या आवाजातला जोर तिला पूर्ण कळायचा.

फाल्गुनात, होळीला रंजिता घरी आली, तेव्हा आनंद तिच्या अंगात मावत नव्हता. ओट्यावर बसून आईबापाला तिने सगळं समजावलं. या दगडांची घराणी असतात. कुणाच्या पोटात मोठ्या गोल गोळ्या आणि पांढरे खडे, कुणाच्या पोटात बारीक गोळ्या आणि भरपूर माती. आतली खनिजं बघायची आणि दगड त्याच्या घराण्यात लावायचा.

“तू बी निवडतेस तसंच आये. आणि आपला दगड तुझ्या चौथ्या ढिगातला आहे.”

गोळ्या एका घराण्याच्या, पण तड्यांमधून जाणाऱ्या पांढऱ्या रेघा दुसऱ्याच घराण्याच्या. म्हणजे आभाळात असतानाच कधीतरी याला तडे गेले आणि त्यांतून पाणी वाहिलं. असा दगड क्वचितच सापडतो. महिनाअखेरीला मोठी सभा होती, देशभरातले जाणकार येणार होते, आणि या दगडाबद्दल तिथे निर्मला मॅडम नाही, रंजिता बोलणार होती. मॅडमचाच तसा आग्रह होता. ज्याने घासला त्याने सांगावं, असं त्या म्हणाल्या होत्या.

“पांढऱ्या रेघा कसल्या पण?” मंगळूने तळहातावर तंबाखू घेत विचारलं.

“कॅल्साइट. म्हणजे तुमचा हा चुना आहे ना बाबा, त्याचाच भाऊ. चुना हवेत पडून राहिला की तेच होतं.”

“म्हंजे आभालात पण पान खातात,” मंगळू म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.

रंजिताही हसली. लहानी वाल सोलत होती. तिचा हात थांबला.

रंजिता दुसऱ्या दिवशी गेली, पण तिचं चुन्याचं बोलणं लहानीच्या मनातून जाईना. चुना आणि ऐनाची राख. ही गोष्ट तिला कुणी सांगायला नको होती, तिच्या आजेसासूचं तोंड त्याच राखेने रंगायचं. पण त्या रेघा राखेच्याच असतील, या नुसत्या भीतीवर पोरीचं काम मोडायला जाणं बरं नाही, असं म्हणून तिने मनाला आवर घातला. मग माळ्यावरून ते मडकं खाली काढलं. काकडीचं बी कधीच संपलं होतं. तळाशी थोडी राख आणि मडक्याला आतून एक तडा. पावसाळ्यात तिथून ओल आली असणार. त्या तड्यात राख भरून दगडासारखी घट्ट झाली होती, एक बारीक पांढरी रेघ. तिने नखाने खरवडून पाहिली. निघेना.

दोन दिवस तिने कुणाला काही सांगितलं नाही. मंगळूने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. गप्प राहिलं तर काय होईल? पोर सभेत उभी राहील, लोक टाळ्या वाजवतील, मडकं माळ्यावर राहील. कुणालाच कळणार नाही. पण तिने आयुष्यभर बी दिलं होतं. एकदा, फार वर्षांपूर्वी, तिच्या हातून एका घरात पोचट बी गेलं होतं. पेरणाऱ्याला ते आषाढात कळलं, पुन्हा लावायची वेळ टळून गेल्यावर. पोरीच्या ओंजळीत आपण तेच घातलंय, आणि ती ते देशभरच्या माणसांसमोर पेरायला निघालीय. उद्या दुसरं कुणीतरी तोच दगड मधून कापेल. तेव्हा पोरीची मान कशी राहील? आणि सांगितलं तर? तर आजच मान खाली जाईल, आईमुळे.

तिसऱ्या दिवशी तिने मडक्याचा तडा गेलेला तुकडा फोडून काढला, राखेची पुरचुंडी बांधली आणि एकटीच निघाली. जीपने सरळगाव, तिथून किन्हवलीवरून शहापूरची एस.टी. एकटीने एवढा प्रवास तिने कधी केला नव्हता. खिडकीशी बसून ती मनात एकच वाक्य जुळवत होती आणि प्रत्येक थांब्याला ते मोडत होतं.

रंजिता कामावरून आली तेव्हा लहानी तिच्या खोलीच्या पायरीवर बसली होती. पोर घाबरली. बाबा बरे आहेत ना, असं तिने दोनदा विचारलं. लहानीने मान हलवली, आत गेली, पाणीही न घेता पुरचुंडी सोडली आणि तो तुकडा पोरीच्या हातावर ठेवला.

“तुझा दगड पेटीत नव्हता बाय. राखेत व्हता. दोन पावसाले. ऐनाच्या राखेत.”

रंजिताने टेबलावरचं लहान भिंग घेऊन ती पांढरी रेघ पाहिली. बराच वेळ पाहिली. तुकडा उजेडाकडे वळवला, पुन्हा पाहिला. लहानीला तिच्या चेहऱ्यावरून काही उमगेना.

“मॅडमनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?”

“तू शेजारी व्हतीस.”

“म्हणजे?”

लहानीला ते वाक्य आता जुळेना. ती आश्रमशाळेच्या फाटकापासून सांगायला लागली. बाटली, कापडाने बांधलेलं तोंड, जीपमधली परतीची वाट. तेव्हापासून राख कुणाला दिसू दिली नाही. तुझ्या मॅडमसमोर कशी दाखवणार? माझी लेक एवढी शिकली आणि घरात बघा, आभाळातला दगड राखेत पुरलाय, असं त्यांनी म्हटलं असतं तर?

रंजिता खाली बसली. सोळा वर्षांपूर्वी आपण बोललेलं एक वाक्य आईने इतकं जपून ठेवलंय, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला तर ते आठवतही नव्हतं. तिने आईचा हात हातात घेतला. बोटांच्या रेषांत राख होती, नेहमीच असायची. रडू आलं ते दोघींना एकदमच, पण कुणी आधी डोळे पुसले ते सांगता येणार नाही. दगडाचं नुकसान झालंच होतं आणि त्याचं दुःख रंजिताने लपवलं नाही. इतके महिने गेले गो आये, असं ती म्हणाली, आणि मग पुन्हा तेच म्हणाली. लहानी ऐकत राहिली.

मग रंजिताने मॅडमना फोन लावला. लहानी भिंतीला टेकून बसली होती, कुणी शिक्षा सांगणार असल्यासारखी. रंजिताने सगळं सांगितलं. मग मॅडमनी विचारलं, आई तिथेच आहेत का. त्यांना म्हणावं, ती राख आणि तो तुकडा जपून ठेवा, तू ते उद्या सकाळी सोबत घेऊन ये, आणि दगड आता मधून कापायची परवानगी मागूया. रागावल्या असतील तर त्यांनी तसं दाखवलं नाही. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, ठकूबाईंच्या तुकड्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे, हा त्या राखेमुळेच उरलाय.

परवानगी यायला आठवडा लागला. दगड मधून कापला. रंजिताने तो काप दोन दिवस घासला, नेहमीपेक्षा सावकाश. आत पांढऱ्या रेघा नव्हत्या. तडे बाहेरून आत जात होते आणि कडेपासून बोटभर अंतरावर रेघा संपत होत्या. मडक्याच्या तुकड्यावरची रेघ आणि दगडातली रेघ मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी ठेवल्यावर शंकेला जागा उरली नाही. रेघा वजा केल्या, तर मोठ्या गोळ्यांचा, पांढऱ्या खड्यांचा तो दगड चौथ्या ढिगातून उठून एका ओळखीच्या घराण्यात जाऊन बसला. त्याच्या पोटात माती नेहमीपेक्षा थोडी जास्त, म्हणून घराण्याच्या काठावर, पण घराण्यात. रंजिताने ते फोनवर आईला सांगितलं तेव्हा आवाजात तो जोर नव्हता. लहानीने विचारलं, मग सभेत आता कोण बोलणार? मीच, रंजिता म्हणाली. मॅडम म्हणाल्या, आता तर तूच बोलायला हवंस.

सभेच्या दिवशी दुपारी लहानी परड्यात चवळीच्या शेंगा खुडत होती. मंगळू फोन हातात घेऊन बांधावरून धावत आला. पलीकडे रंजिता होती आणि तिच्या मागे माणसं भरलेल्या मोठ्या खोलीचा घुमणारा आवाज. रंजिता सांगत होती, की तिने दगड, राख, मडकं सगळं जसंच्या तसं मांडलं, आणि आता एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी राखेबद्दल विचारलंय. साल नुसती जाळतात की लाकडासकट, राख गरम असताना दगड ठेवला की निवल्यावर, आणि मडक्याचं तोंड कशाने बांधलं होतं. यातलं मला काहीच सांगता आलं नाही आये. मी फोन मोठ्या आवाजावर ठेवलाय. सगळे ऐकतायत. सांगशील का?

लहानीने शेंगा खाली ठेवल्या. पदराने हात पुसले. मंगळू फोन तिच्या तोंडासमोर धरून उभा राहिला, एकदाही न हसता.

“नुसती साल जालायची,” ती म्हणाली. पहिल्या शब्दांना आवाज लहान होता, पण तो हळूहळू मोठा होत गेला. “लाकूड नाय घालायचा, राख कालपट येते. ऐन उभा ठेवायचा, साल एका अंगाची काढायची, म्हंजे झाड जगतं. जालली का रातभर निवू द्यायची. गरम राखेत बी भाजतं, म्हून गरम कदी नाय. मंग चालायची, फडक्यातून. मी दगड निवलेल्या राखेत ठेवला. खाली चार बोटं राख, वर चार बोटं. तोंड पलसाच्या पानानी बांदला, वर शेणाचा लेप. पन मडक्याला तडा व्हता, तो माज्या ध्यानात नाय आला. ओल तितूनच शिरली. ती माजी चूक.”

पलीकडे कुणीतरी इंग्रजीत काही बोललं, रंजिताने त्यांना काही सांगितलं, आणि मग तिथे शांतता पसरली. लिहून घेणाऱ्या माणसांची असते तशी.

लहानीने फोनकडे वाकून विचारलं,

“ऐकू गेला का समद्यांना? नाय तर परत सांगते.”